तेच लायसन्स रिसेलरकडे स्वस्त आणि तुमच्याकडे पूर्ण भावात: लेखी उत्तर हवं आहे

प्रति,
विक्री विभाग प्रमुख व ग्राहक सेवा प्रमुख

विषय: ऑटो-रिन्यूअलमध्ये पूर्ण किंमत कापल्याबद्दल आणि फरकाची रक्कम परत मिळण्याबद्दल

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवला. ठेवल्या ठेवल्या मेसेज आला, ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.’ तक्रार जिथल्या तिथे आहे आणि तिकीट मात्र बंद. म्हणून यापुढे फोन नाही. या पत्राचं उत्तर लेखी द्या, आणि किंमत ठरवण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे अशा माणसाने द्या.

प्रॉडक्ट कुठलं ते तुम्हाला सांगायची गरज नाही. तुमच्या सॉफ्टवेअरची प्रोफेशनल एडिशन, पाच सीट म्हणजे पाच जणांच्या वापरासाठी, वार्षिक सबस्क्रिप्शन. आमचं ऑफिस हे पहिल्यापासून थेट तुमच्या वेबसाइटवरून घेतं. यंदाही ठरलेल्या तारखेला कार्डावरून यादीतली पूर्ण किंमत कापली गेली. त्याच सुमारास आमच्याच व्यवसायातल्या एका मैत्रिणीने हेच पाच सीटचं पॅक रिसेलरकडून, म्हणजे तुमचा माल पुढे विकणाऱ्या विक्रेत्याकडून घेतलं, जवळजवळ पाऊण किमतीत. हा रिसेलर कोणी भुरटा नाही. तुमच्याच वेबसाइटवर ‘अधिकृत पार्टनर’ या पानावर त्याचं नाव आणि तुमचा बिल्ला आहे.

मी खात्री केल्याशिवाय बोलत नाही. दोघींचे लॅपटॉप शेजारी ठेवून ‘अबाउट’ची विंडो उघडली. एडिशन तीच, व्हर्जन तेच, बिल्ड नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत तोच, सपोर्टची मुदतही एक वर्षाचीच. वेगळा होता तो फक्त सिरीयल नंबर. तिला लायसन्स की, म्हणजे सॉफ्टवेअर चालू करायचा कोड, ज्या ईमेलमधून आली तो ईमेलही रिसेलरचा नव्हता, तुमचा होता. पाठवणारा पत्ता तुमचा, डाउनलोडची लिंक तुमच्या सर्व्हरची, ‘आमच्या परिवारात स्वागत’ हेही तुमचंच. रिसेलरने ऑर्डर घेतली आणि बिल दिलं, एवढंच. बाकी सगळं काम तिच्यासाठीही तुम्हीच केलंत आणि माझ्यासाठीही तुम्हीच केलंत. पैसे मात्र माझ्याकडून जास्त घेतलेत.

आता तुमच्या माणसांनी काय उत्तरं दिली ते ऐका.

पहिल्याने सांगितलं, ‘मॅडम, दोन्हींचा एसकेयू वेगळा आहे, म्हणजे प्रॉडक्ट वेगळं आहे.’ मी विचारलं, कुठलं फीचर वेगळं आहे? त्याने फोन होल्डवर टाकला. परत आला आणि म्हणाला, ‘फीचर सेम आहेत, पण एसकेयू वेगळा आहे.’ एसकेयू म्हणजे तुमच्या हिशेबासाठी मालाला दिलेला कोड, आणि इथे तो फक्त कुठल्या वाटेने माल विकला एवढंच सांगतो. ग्राहकाला त्याच्याशी काय देणंघेणं?

दुसऱ्याने आवाज बारीक करून सांगितलं, की स्वस्तातलं लायसन्स वापरलेलं किंवा बनावट असू शकतं, सांभाळून राहा. अधिकृत पार्टनरच्या यादीतल्या माणसाबद्दल कंपनीचाच कर्मचारी हे बोलतो! त्या पार्टनरला हे कळलं तर तो काय म्हणेल? मी म्हटलं, की तुमच्या सर्व्हरवर आजच्या तारखेला पहिल्यांदा ॲक्टिव्हेट झालेली, तुमच्याच ईमेलने आलेली लायसन्स की वापरलेली कशी असेल? तर म्हणे, ‘युरोपमध्ये लोक जुनी लायसन्स विकतात.’ विकतात, आणि त्यात काही चोरी नाही. कायमच्या वापरासाठी विकलेल्या लायसन्सबद्दल युरोपीय न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी युज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल या प्रकरणात निकाल दिला आहे. डाउनलोड केलेली प्रतसुद्धा पहिला खरेदीदार पुढे विकू शकतो. आपल्याकडची प्रत त्याने निकामी केली पाहिजे, एवढी अट आहे. पण आपण वर्षाच्या सबस्क्रिप्शनबद्दल बोलतोय, आणि तेही नव्याकोऱ्या. इथे जुन्या लायसन्सांचा विषय आणून मला घाबरवायचं कारण काय?

मग वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे फोन दिला. तो संवाद मी जसाच्या तसा लिहिते, कारण या पत्राचं खरं कारण तो आहे.

मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. ते मध्येच म्हणाले, ‘पण तुम्ही तर आमचे डायरेक्ट कस्टमर आहात.’ मी म्हटलं, हो, म्हणूनच विचारतेय. ते म्हणाले, ‘डायरेक्ट कस्टमरला चॅनेल डिस्काउंट लागू होत नाही.’ चॅनेल म्हणजे तुमचे रिसेलर. मी विचारलं, का? ‘कारण तो चॅनेलसाठी असतो.’ मी म्हटलं, म्हणजे मधला माणूस असेल तर किंमत कमी आणि नसेल तर जास्त? थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, ‘मॅडम, एवढं स्वस्तच पाहिजे होतं तर तिथूनच घ्यायचं होतं ना.’

घ्यायचं होतं ना! इतकी वर्षं ज्या ग्राहकाने एकही बिल थकवलं नाही, एकदाही मुदत उलटू दिली नाही, नवीन व्हर्जन आलं की त्याच आठवड्यात ज्याने सगळ्या मशीनवर चढवलं, त्याला तुमचा वरिष्ठ अधिकारी हे ऐकवतो. मी विचारलं, हे मी तुमच्या कंपनीचं अधिकृत मत समजू का? तर म्हणाले, ‘ते तुमच्यावर आहे.’ आणि वर, ‘अजून काही मदत करू शकतो का?’ पहिली मदत केव्हा केलीत?

रिसेलर सवलत कुठून देतो हे मला कळत नाही असं समजू नका. तुम्ही त्याला यादीच्या किमतीच्या बऱ्याच खाली माल देता. ती त्याची मार्जिन. वर तिमाहीचं टार्गेट पूर्ण केलं तर रिबेट, म्हणजे काही रक्कम परत देता. तिमाही संपत आली की त्याला आकडा गाठायचा असतो, तेव्हा तो मार्जिनमधला वाटा ग्राहकाला सोडून देतो आणि रिबेटवर कमावतो. ग्राहकाची सर्व्हिस, ट्रेनिंग, हार्डवेअर हेही तोच विकतो, म्हणून सॉफ्टवेअरवर कमी घेऊन त्याचं भागतं. म्हणजे सवलत त्याच्या खिशातून येत नाही, तुम्ही त्याला दिलेल्या जागेतून येते. खोक्यात डिस्क आणि जाडजूड मॅन्युअल घालून विकायचे त्या काळात ही जागा मी समजू शकत होते. कोणीतरी माल उचलायचा, साठवायचा, दुकानात मांडायचा, न खपलेला परत पाठवायचा. आज एक लायसन्स की ईमेलने जाते. एक जास्तीची प्रत द्यायला तुम्हाला जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

माझ्या बिलात मधला माणूसच नाही. तरी त्याची मार्जिन माझ्याकडून वसूल होते आणि ती पूर्णच्या पूर्ण तुमच्याकडे राहते. बिलावर तुम्ही छापलंही आहे: ‘पार्टनर सवलत: लागू नाही’. दरवर्षी ती ओळ असते.

वरिष्ठ अधिकाऱ्यांनी शेवटी कायद्याची ढाल पुढे केली: ‘रिसेलर किती किमतीला विकतो ते आम्ही ठरवू शकत नाही, कायद्याने मनाई आहे.’ म्हणून मी तेही वाचलं. अमेरिकेत उत्पादकाने पुढच्या विक्रीची किमान किंमत बांधून देणं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९११ मध्ये सरळ बेकायदा ठरवलं होतं. त्याच न्यायालयाच्या २००७ च्या लीजिन निकालानंतर तिथे प्रकरणागणिक परिणाम तपासतात. युरोपात अशी किमान किंमत लादणं अजूनही स्पर्धाविरोधी म्हणून गंभीर मानलं जातं. ठीक आहे. पण हे सगळं रिसेलरच्या किमतीबद्दल आहे. तुमच्या स्वतःच्या वेबसाइटवर तुम्ही कमी किंमत लावू नये असं यात कुठेही नाही. त्याची किंमत ठरवता येत नसेल, मान्य. तुमची कोण ठरवतं?

तुम्ही स्वतः भाव उतरवला तर पार्टनर चिडतील, ‘कंपनीच आमच्याशी स्पर्धा करते’ म्हणतील, विकायचं सोडून देतील, हे खरं कारण आहे, आणि ते मला पटण्यासारखं आहे. दूरदूरच्या, छोट्या ग्राहकांपर्यंत तेच पोचतात. त्यांना मारून तुमचं चालणार नाही. पण मग ते तसं सांगा! एवढ्या लोकांशी बोलले, पण हे एक वाक्य एकानेही उच्चारलं नाही. एकाने एसकेयू सांगितला, एकाने बनावटीची भीती घातली, एकाने कायदा सांगितला, आणि शेवटी माझीच चूक ठरवली. खरं सांगितलं असतंत तर कदाचित मी पत्र लिहिलं नसतं. पुढच्या वर्षी पार्टनरकडे जायचं ठरवून गप्प बसले असते.

आणि मला हे कळवायचं काम तुमचं होतं. रिन्यूअलच्या आधी तुमचा ईमेल येतो, ‘आपल्या दीर्घकालीन विश्वासाबद्दल धन्यवाद’. खाली कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि कापायची रक्कम. त्यात कुठेही लिहिलेलं नाही, की हेच पॅक अधिकृत पार्टनरकडूनही रिन्यू करता येतं. रिन्यूअलच्या पानावर पार्टनरची लिंक नाही. पार्टनरच्या पानावर रिन्यूअलचा उल्लेख नाही. ऑटो-रिन्यूअलची खूण मात्र आधीपासून केलेली असते आणि ती काढायचं बटण तीन पानं आत आहे. एवढी व्यवस्थित मांडणी आपोआप होत नाही. नव्या ग्राहकाला शोधाशोध करता येते, तो भाव बघतो, त्याला सवलत मिळते. जो विश्वासाने कार्ड देऊन ठेवतो तो पूर्ण भाव भरतो. जुना ग्राहक कुठे जातोय, हे धरूनच तुम्ही चालला आहात.

पुन्हा सांगते, कारण फोनवर पुन्हा पुन्हा सांगूनही पोचलं नाही: मला फुकट काही नको आहे. तेच लायसन्स, त्याच सर्व्हरवरून, त्याच ईमेलने, तुमच्याच पार्टनरने ज्या किमतीला विकलं त्या किमतीत मला हवं आहे.

तुमचं सॉफ्टवेअर चांगलं आहे. नसतं तर मी एवढा वेळ घालवला नसता. आमच्या ओळखीतल्या किती ऑफिसांत ते माझ्या शब्दावर लागलं आहे, याची नोंद तुमच्या कुठल्या सिस्टिममध्ये नसेल. त्या प्रत्येकाने ते थेट तुमच्याकडून घेतलं, कारण ‘कंपनीकडूनच घ्या, कटकट नको’ असं मीच सांगत आले. आता त्या सगळ्यांना मी ही सगळी हकीकत कळवणार आहे, वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या त्या वाक्यासकट.

माझ्या मागण्या अशा. त्या पार्टनरच्या आणि माझ्या किमतीतला फरक परत करा. रोख देता येत नसेल तर तेवढ्या किमतीची मुदत पाचही सीटवर वाढवून द्या. रिन्यूअलच्या ईमेलमध्ये अधिकृत पार्टनरकडून रिन्यू करता येतं हे स्पष्ट लिहा, निदान माझ्या खात्यापुरतं तरी. आमच्या खात्यावरचं ऑटो-रिन्यूअल आजपासून बंद करा आणि बंद केल्याचं मला कळवा. बनावट लायसन्सबद्दल तुमचा कर्मचारी जे बोलला ते कंपनी मागे घेते की त्यावर ठाम राहते, तेही लिहा, कारण ठाम राहणार असाल तर ते पत्र मी त्या पार्टनरला दाखवणार आहे.

दोन्ही बिलं, ‘अबाउट’ विंडोचे दोन्ही स्क्रीनशॉट आणि लायसन्स की आलेला ईमेल सोबत जोडला आहे. सिरीयल नंबर झाकले आहेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक तक्रार यंत्रणेकडे जाईन आणि कार्डाच्या बँकेकडे या वसुलीवर आक्षेप नोंदवीन. ‘आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे’ असा आपोआप सुटणारा ईमेल उत्तर म्हणून धरला जाणार नाही.

तुमची एक थेट ग्राहक
(ग्राहक क्रमांक बिलावर आहे)