इंग्रजीच्या तासाला गोष्ट सांगू द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मराठी शाळेतून चौथी उत्तीर्ण झालेल्या मुलाला स्वतःचे नाव सांगण्यापलीकडे इंग्रजीत एक वाक्यही बोलता येत नाही, अशी एका पालकांची तक्रार आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात नुकतीच वाचली. तक्रार खरी आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांत तीस वर्षे शिकवून निवृत्त झालेला असल्यामुळे तीतील माझ्या वाट्याचा दोष मी नाकारत नाही. मात्र त्यांनी सुचवलेला उपाय, म्हणजे रोज दहा स्पेलिंगांचे पाठांतर आणि व्याकरणाचा एक जादा तास, हा आम्ही करून चुकलो आहोत, आणि त्याचे फळ म्हणजेच त्यांची तक्रार होय, एवढे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

राज्यात पहिलीपासून इंग्रजी हा विषय २०००-०१ या शैक्षणिक वर्षापासून आला. त्याआधी मराठी शाळांत इंग्रजीची सुरुवात पाचवीत होत असे. ज्या शिक्षकांनी स्वतः एबीसीडी पाचवीत गिरवली होती, त्यांच्याच हाती पहिलीचा वर्ग आला आणि आम्ही जसे शिकलो होतो तसेच शिकवू लागलो. 'धिस म्हणजे हे, इज म्हणजे आहे, अ म्हणजे एक, कॅट म्हणजे मांजर' असे अख्खा वर्ग सुरात म्हणे. वही भरे, पालक खूश होत आणि मूल मात्र मांजर समोर आले तरी तिच्याविषयी इंग्रजीत काही बोलत नसे, कारण त्या वाक्याने कोणाला काही सांगायचे असते हे त्याला कळलेलेच नव्हते.

माझी वाट बदलली ती योगायोगाने. कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्याकडे शाळेची हजेरी निम्म्यावर येते, हे खान्देशातील कोणत्याही शिक्षकाला सांगावे लागणार नाही. अशाच एका दिवशी चौथीच्या वर्गात अकरा मुले होती. धडा पुढे नेला तर उरलेल्यांना तो पुन्हा शिकवावा लागला असता, म्हणून मी चिमणी-कावळ्याची गोष्ट इंग्रजीत सांगायला घेतली. ती गोष्ट प्रत्येकाने आपल्या आजीकडून ऐकलेली होती, त्यामुळे पुढे काय होणार हे सर्वांना ठाऊक होते. मी वर्गाबाहेर जाऊन दार लावून घेतले, कडी वाजवली आणि कावळ्याच्या आवाजात म्हणालो, 'ओपन द डोअर!' मग आत येऊन चिमणी झालो आणि म्हणालो, 'वेट, आय ॲम बेदिंग माय बेबी.' पुन्हा बाहेर, पुन्हा कडी. 'वेट, आय ॲम फीडिंग माय बेबी.' तीट लावण्याला मला इंग्रजी शब्द सुचला नाही, तेव्हा 'आय ॲम पुटिंग तीट' असे म्हणून मोकळा झालो आणि त्याने कोणाचेही काही अडले नाही. तिसऱ्या फेरीला मी दाराबाहेर असताना आतून अकराही मुले 'वेट!' असे ओरडली.

ही गोष्ट आम्ही आठवडाभर केली. चौथ्या दिवसापासून कावळा व्हायला मुलांची रांग लागू लागली आणि मी खुर्चीत बसून राहिलो. शनिवारी पाण्याच्या टाकीवर गर्दी होती. मागच्या मुलाने ढकलले तेव्हा नळाला तोंड लावून बसलेला, एरवी वर्गात कधी न बोलणारा एक मुलगा मान वर करून म्हणाला, 'वेट, आय ॲम ड्रिंकिंग वॉटर.' हे वाक्य मी शिकवले नव्हते, ते पुस्तकात नव्हते आणि फळ्यावरही कधी आले नव्हते. चिमणीच्या वाक्याचा साचा त्याने उचलला होता आणि त्यात आपले काम बसवले होते. चालू वर्तमानकाळाची व्याख्या पाठ केलेल्या मुलाने अशा प्रसंगी तो काळ वापरल्याचे तीस वर्षांत माझ्या पाहण्यात नाही.

आपल्या भागातील मुलाला हा काळ परका वाटण्याचे खरे तर कारणच नाही. अहिराणी बोलणारे मूल 'काय करी ऱ्हायना?' असे दिवसातून पन्नास वेळा विचारते. काम चालू असल्याचे दाखवणारे वेगळे सहायक क्रियापद त्याच्या जिभेवर आधीपासून आहे. आम्ही मात्र त्याला आधी प्रमाण मराठीतील 'करीत आहे' पाठ करायला लावतो आणि मग त्याचे इंग्रजी करायला सांगतो, म्हणजे धुळ्याहून जळगावला जायला निघालेल्या माणसाला नाशिकवरून पाठवण्यासारखाच हा प्रकार झाला.

पुढे भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट घेतली. लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, लठ्ठ होईन, मग मला खा, हे म्हातारीचे बोलणे वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक प्राण्यापुढे जसेच्या तसे येते. 'आय विल गो, आय विल ईट, आय विल बिकम फॅट' हे भविष्यकाळाचे तीन नमुने एका बैठकीत चार-पाच वेळा कानावर पडतात आणि कोणालाही उजळणी केल्यासारखे वाटत नाही. म्हातारी लेकीकडे पोहोचली की तीच क्रियापदे भूतकाळात येतात: वेंट, एट, बिकेम. इंग्रजीतील रोजच्या वापराची बहुतेक क्रियापदे अशी अनियमितच आहेत. आपण त्यांचे तक्ते भिंतीवर लावतो, मुले 'गो-वेंट-गॉन' कवितेसारखे म्हणतात आणि बोलण्याची वेळ आली की त्यातले काहीच आठवत नाही. गोष्टीत 'वेंट' हा शब्द जाणाऱ्या म्हातारीसकट लक्षात राहतो. एका मुलीने मला विचारले होते, 'गुरुजी, म्हातारीले बी वेंट आनि वाघले बी वेंट?' आपल्याकडे म्हातारी गेली आणि वाघ गेला, इंग्रजीत मात्र दोघांनाही एकच रूप, हा व्याकरणाचा धडा तिने स्वतःच काढला होता. मी फक्त 'हो' म्हणालो.

यात मी काही नवा शोध लावलेला नाही. जिचा अर्थ आपल्याला कळतो, पण जी आपल्या पातळीच्या किंचित पुढे असते अशी भाषा भरपूर कानावर पडली की ती अंगवळणी पडते, असे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशेन यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभीच मांडले होते. त्यावर कॅनडातील मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये घेतलेला आक्षेपही तितकाच मोलाचा आहे. फ्रेंच माध्यमातून शिकलेली इंग्रजीभाषक मुले वर्षानुवर्षे फ्रेंच ऐकूनही बोलण्या-लिहिण्यात कच्ची राहतात असे त्यांना आढळले, म्हणून नुसते ऐकवून भागत नाही, बोलायलाही लावावे लागते, असे त्यांचे म्हणणे होते. कडी वाजवणारा कावळा आणि आतून उत्तर देणारी चिमणी यांत दोघांचेही म्हणणे सांभाळले जाते, असा माझा अनुभव आहे.

आणखी एक गोष्ट कानाची आहे. मराठीत अक्षर दिसले की बहुतेक वेळा उच्चार ठरला. इंग्रजीत अक्षरे २६ आणि ध्वनी सुमारे ४४, त्यामुळे बाराखडीवर वाढलेले मूल छापील इंग्रजी शब्दापुढे गांगरते. शब्द आधी कानाने ओळखीचा झाला असेल तर त्याचे विचित्र स्पेलिंग नंतर सहन होते, उलट क्रमाने गेल्यास मूल शब्दालाच घाबरते. म्हणून गोष्ट सांगताना पुस्तक मिटलेले असावे, हा माझा आग्रह आहे. स्पेलिंग, पत्रलेखन आणि वाचन गोष्टीने आपोआप येत नाही, त्यासाठी वेगळा वेळ द्यावाच लागतो, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो.

अडचणी मुलांकडून कधी आल्या नाहीत, त्या इतर दिशांनी आल्या. एकदा शाळाभेटीला आलेल्या अधिकाऱ्यांनी वह्या मागवल्या. इंग्रजीच्या वहीत त्या आठवड्याचे एकही पान नव्हते. मुले गोष्ट करून दाखवायला तयार होती, पण साहेबांना पुढच्या शाळेत जायचे होते, आणि शेरेबुकात माझ्या नावापुढे 'लेखी काम अपूर्ण' असा शेरा पडला. पुढच्या आठवड्यापासून मी गोष्टीखाली पाच प्रश्न लिहून घेऊ लागलो. त्याबरोबर मुलांचा उत्साह ओसरला, कारण आता ती गोष्ट राहिली नव्हती, धडा झाला होता. हा माझा भित्रेपणा होता आणि त्याचा पश्चात्ताप मला आजही होतो.

दुसरी अडचण शिक्षकांच्या मनातील आहे. 'माझे उच्चार बरोबर नाहीत, मी इंग्रजीत गोष्ट कशी सांगू?' असे अनेक सहकारी विचारतात. धडा वाचतानाही उच्चार तेच असतात, मग गोष्टीलाच संकोच का? पाच-सहा शब्दांची वाक्ये आधी लिहून, दोनदा मोठ्याने म्हणून वर्गात गेले तरी पुरते. वरच्या वर्गांना चिमणी-कावळा पोरकट वाटतो, हे मात्र खरे आहे. सातवीच्या मुलांना मी सारंगखेड्याच्या घोडेबाजाराची हकिगत सांगायला लावत असे. 'आय सॉ अ ब्लॅक हॉर्स' येथून सुरुवात झाली की किंमत, मालक, तापीचा काठ असे सगळे आपोआप येई. धडगाव-अक्कलकुव्याकडील शाळांत प्रश्न याहून अवघड आहे. तेथे घरात भिली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाला पाठ्यपुस्तकातील मराठीच नवी असते आणि इंग्रजी त्याची तिसरी भाषा ठरते. बाहेरून गेलेल्या शिक्षकाने आधी मुलांकडून त्यांच्या घरच्या गोष्टी ऐकाव्यात आणि त्यांतलीच एखादी इंग्रजीत परत सांगावी, यापेक्षा जवळचा मार्ग मला दिसत नाही.

साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि मुलांना ते गोष्टी सांगत, हे आपण खान्देशी माणसे अभिमानाने सांगतो. त्यांच्या नावाने कथामालाही चालवतो. इंग्रजीच्या तासाला मात्र गोष्ट म्हणजे वेळेचा अपव्यय, असे आपणच ठरवून टाकले आहे.

शिक्षण विभागाला माझी विनंती मोठी नाही. पहिली ते पाचवीच्या वेळापत्रकात आठवड्यातून तीन वेळा पंधरा मिनिटे अशी ठेवावीत की ज्यांची वही तपासली जाणार नाही, ज्यांवर गुण नसतील आणि ज्यांत शिक्षकाने इंग्रजीत गोष्ट सांगायची असेल. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत पडद्यावर चित्रफिती दाखवण्याऐवजी दरवेळी दोन शिक्षकांनी उभे राहून एकेक गोष्ट सांगावी आणि इतरांनी ती मुलांसारखी ऐकावी. पालकांनीही मूल घरी 'ओपन द डोअर' म्हणत आले तर त्याला लगेच अर्थ आणि स्पेलिंग विचारू नये. आजीने तीच गोष्ट त्याला अहिराणीत पुन्हा सांगितली तर त्याचा इंग्रजीला फायदाच होईल.

लहान वाक्यांत बसवलेल्या अशा अकरा गोष्टी मी एका वहीत उतरवून ठेवल्या आहेत आणि आमच्या केंद्रातील काही शिक्षकांनी तिच्या झेरॉक्स नेल्या आहेत. आणखी कोणाला हवी असल्यास मी आनंदाने देईन. वहीत 'तीट' हा शब्द तसाच ठेवला आहे, तो कृपया कोणी दुरुस्त करू नये.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
ता. पारोळा, जि. जळगाव