शिक्षक शिबिरासाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी आपले मंडळ भरवत असलेल्या शिबिराचे हे तिसरे वर्ष. पावसाच्या तोंडावर उगवणारी शेवळे ही रानभाजी काकड या आंबट फळांशिवाय रांधली तर घशाला खाज सुटते, हे दुसरीतल्या वारली मुलीला ठाऊक असते आणि घाटावरून बदलून आलेल्या गुरुजींना नसते. तिचे हे ज्ञान वर्गात यावे आणि विज्ञानाचा पाठ तिथून सुरू व्हावा, यासाठी हा सारा खटाटोप आहे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाड परिसरात कुरणातच शाळा भरवली. याच जिल्ह्यातली ती वाट आम्ही धरली आहे.

शिबिरात शिकवतात ती पाड्यावरची जाणती माणसे. वारल्यांची लग्ने लावणाऱ्या धवलेरी आजींनी गाणी म्हणत लग्नचौकाच्या भिंतीवरील चित्रातली एकेक खूण उलगडली, तेव्हा त्याकडे निव्वळ नक्षी म्हणून पाहणारे शिक्षक दोन तास जागचे हलले नाहीत. दुधी भोपळा, बांबू आणि ताडाचे पान यांतून तारपा हे फुंकवाद्य घडवणाऱ्या आजोबांमुळे ध्वनीचा धडा सोपा झाला, तर एका गुरुजींनी पुढे दंडगोलाचे घनफळ नागलीची कणगी मोजूनच शिकवले.

पहिले शिबिर उभे राहिले ते आपल्या निवृत्त बाईंनी न मागता दिलेल्या महिन्याच्या पेन्शनवर. सतरंज्याही त्यांच्याच घरच्या होत्या. दोन्ही वर्षे तांदूळ आणि डाळ पुरवणाऱ्या दुकानदार भाऊंनी पत्रकात नाव छापू दिले नाही, म्हणून इथेही देत नाही. त्यांचे ऋण मात्र मंडळ विसरणार नाही. गेल्या वर्षी दीडशे पत्रे धाडली आणि उत्तरे नऊच आली. ज्यांच्या दिवाणखान्यात वारली चित्र आहे, अशा अनेकांनी साधी पोचही दिली नाही, याचे वाईट वाटले.

शिबिर दिवाळीच्या सुट्टीत येते आणि नेमकी तेव्हाच भातकापणी असते. जाणकार मजुरी बुडवून येतात, म्हणून त्यांच्या मानधनाला कात्री लावणे आम्हाला मान्य नाही. जव्हारला पाच दिवस, ४० शिक्षक. आठ जाणकारांचे रोजी ६०० रुपयांप्रमाणे मानधन २४,००० रुपये, भोजन-निवास-छपाई ५६,००० रुपये. जमा ३१,०००, हवेत ४९,००० रुपये. शिधाही चालेल. मदत दसऱ्यापर्यंत खजिनदारांकडे द्यावी, पावती मिळेल. पत्राचे उत्तर, नकार असला तरी, जरूर कळवावे.

आपला,
चिटणीस