उजवा नाही, डावा

आशाताई,

फोन करून सांगता आलं असतं, पण फोनवर गळा भरून येतो, म्हणून लिहिते. गावातल्या चार जणांनी वाचलं तर वाचू दे.

जुळ्यांतला आमचा धाकटा एकोणीस दिवस राहिला. जन्मला तेव्हा १ किलो ९०० ग्रॅमचा, चिंगी त्याच्याहून जराशी भारी. तो गेला त्या रात्री आधी जिथं नेलं, तिथल्या माणसानं दुपट्याची घडीसुद्धा उघडून पाहिली नाही. "मोठ्या दवाखान्यात न्या," म्हणाला आणि पुन्हा मोबाईलात डोकं घातलं. नाव घेत नाही. त्याचं त्याला आठवलं तरी पुष्कळ.

एकविसाव्या दिवशी तुम्ही आलात. सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा, तुमचे दिवस मला पाठ झाले होते. घरी येऊन बाळ तपासायची ही रीत आपल्याच गडचिरोलीत बंग डॉक्टरांनी घालून दिली, हे तुम्ही केवढ्या तोऱ्यात सांगितलं होतं! त्या दिवशी घर बायांनी भरलेलं. "एक तर राहिली ना बाई, देवाचं नाव घे." "आता त्याचं काढू नको वं, दूध आटते." त्याची झबली कोणीतरी आधीच उचलून नेली होती.

तुम्ही चिंगीला झोळीत घालून काटा धरला, वजन लिहिलं, वही मिटली. आणि सगळ्यांसमोर विचारलं, "तो झोळीतून पाय बाहेर काढे न वं? उजवा?"

मी म्हटलं, "उजवा नाही, डावा."

दोन दिवसांत तेवढंच पहिलं बोलले असेन. मग थांबलेच नाही. कितीही गुंडाळा, डावा पाय बाहेर. जांभईच्या आधी कपाळाला आठ्या, जसा काही सातबाराच वाचतो आहे. चिंगीजवळ टेकवला की तिचा कान मुठीत, सोडवायला गेलं की भोकाड. तेवढ्यात चुलीपाशी बसलेल्या सासूबाई बोलल्या, "फवारणीचा पंप सुरू झाला का गप बसे." त्या दोन दिवसांत त्यांच्याही तोंडून शब्द निघाला नव्हता.

तुम्ही खरंच विसरला होतात की मुद्दाम चुकलात, ते मी कधी विचारणार नाही. उन्हातान्हात हिंडता, मानधन वेळेवर येत नाही, आणि गेलेल्या लेकराची आठवण काढायचा रकाना तर तुमच्या वहीत नाहीच. तरी बसलात. शिकून हे येत नाही ताई, आलं असतं तर त्या रात्रीचा माणूसही शिकलेलाच होता.

त्या दिवशी एक सांगायचं राहिलं. त्याला कधी एक शिंक आली नाही. यायच्या त्या दोनच, लागोपाठ, आणि दुसरीनंतर तो स्वतःच दचकायचा.

तुमची,
चिंगीची आई