येशूचं चुंबन आणि आमच्या आत्याचे भोग

संपादक साहेब, नमस्कार.

मदर तेरेसांवर तुमच्याकडे जी पत्रं येतायत ती रोज वाचतोय. अर्धे म्हणतात त्या संत होत्या, बोलणाऱ्यांनी आधी एका तरी कुष्ठरोग्याची जखम धुवून दाखवावी. उरलेले अर्धे म्हणतात सगळं धर्मांतराचं दुकान. माझं म्हणणं दोन्हीत बसत नाही म्हणून लिहायला बसलो, लांबलं तर कात्री लावा.

धर्मांतराचा वाद आपल्याला नवा नाहीच. 1893 ला पुण्यात ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावरून, म्हणजे विधवा मुलींच्या शाळेवरून, हेच झालं होतं, बाई प्रार्थनेला बसताना दार उघडं ठेवायच्या आणि मुली आत येऊन बसायच्या, त्यावरून केसरीने झोड उठवली आणि रानडे-भांडारकरांसारखी बाजूची माणसंसुद्धा सल्लागार मंडळातून बाहेर पडली. तो विषय ज्यांना चघळायचाय त्यांनी चघळावा. पण ज्यांना कुठल्याच देवाशी देणंघेणं नाही ते लोक मदरवर का चिडतात, ते वेगळं आहे, आणि ते मला घरातच कळलं.

1994 मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी साप्ताहिकाचे संपादक रॉबिन फॉक्स कोलकात्यात कालीघाटला निर्मल हृदय बघायला गेले होते. म्हणजे 1952 ला मदरनी मंदिराशेजारच्या धर्मशाळेत सुरू केलेलं मरणाऱ्यांचं घर. फॉक्सने नुसती टीका नाही केली हं, स्वच्छता आहे, जखमा नीट बांधतात, माया आहे, हे सगळं लिहिलं. पण डॉक्टर अधूनमधून येणार, बाकी निर्णय सिस्टर आणि व्हॉलंटियर घेणार. एका तरुण पोराला सडकून ताप, त्याला टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक आणि पॅरासिटामॉल चालू, मग नंतर आलेला डॉक्टर म्हणाला हा बहुतेक मलेरिया आहे, आणि क्लोरोक्विन दिलं. जो बरा होऊ शकतो आणि जो जाणारच आहे, दोघे एकाच खाटांच्या रांगेत. आणि दुखण्यावर जोरदार औषध असं काही नाहीच. लोकांना खुपलं ते हे.

त्यात मदरची ती गोष्ट, जी त्या स्वतःच हसत सांगायच्या. कॅन्सरने तळमळणाऱ्या पेशंटला त्या म्हणाल्या की तू क्रूसावरच्या येशूसारखा सोसतोयस, म्हणजे येशू तुझं चुंबन घेतोय. तर पेशंट म्हणाला, मग त्याला सांगा की आता पुरे कर. श्रद्धावान माणसाला यात गोडवा दिसतो. मला नाही दिसत, आणि त्याचं कारण आमचे अण्णा.

1999 ला अण्णांना जबड्याचा कॅन्सर झाला. आम्ही तालुक्याच्या गावी राहतो. शेवटी शेवटी ते रात्रभर उशीचा कोपरा दातात धरायचे, उरलेल्या दातात. डॉक्टर म्हणाले मॉर्फिन, म्हणजे दुखण्यावरचं जोरदार औषध, लागेल पण इथे मिळणार नाही, मेडिकलवाला म्हणाला ते ठेवतच नाही साहेब, लायसनची कटकट आहे, आणि एकाने तर चक्क सांगितलं सवय लागेल त्यांना. ज्याचा महिना उरलाय त्याला सवय! आणि आमची आत्या उशाशी बसून म्हणायची, भोग आहेत रे, भोगूनच संपतात, या जन्मी संपले की सुटला. ती वाईट बाई नाही, अण्णांचं सगळं तिनेच केलं, तोंड पुसण्यापासून. पण तिने भोग म्हटलं की अण्णा डोळे मिटून घ्यायचे आणि मला तिथून उठून जावंसं वाटायचं.

म्हणून सांगतो, चीड सेवेची नाही हो. स्वतःच्या दुखण्याला माणसाने येशूचं चुंबन म्हणावं की प्रारब्ध, त्याचा त्याचा प्रश्न. दुसऱ्याच्या दुखण्याला तसं म्हटलं की गोळी शोधायची घाई आपोआप कमी होते. आमच्याकडे तेच झालं, आम्ही पुण्या-मुंबईला मॉर्फिनसाठी माणूस पाठवला तो शेवटच्या आठवड्यात.

आता मदरच्या बाजूनेही बोललं पाहिजे. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्याने मॉर्फिन इतकं अवघड करून ठेवलं होतं की मोठमोठ्या हॉस्पिटलांतसुद्धा मिळायची मारामार, 2014 ला दुरुस्ती होऊन नियम सैल झाले. तेव्हा 1994 ला कालीघाटला ते नव्हतं याचा सगळा दोष धर्मावर टाकणं बरोबर नाही. आणि 1952 ला फुटपाथवरच्या मरणाऱ्याला उचलायला दुसरं कोण येत होतं?

पण मग वांद्र्याचं शांती आवेदना सदन बघा, माउंट मेरीजवळचं. 1986 पासून आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस, कॅन्सरच्या शेवटच्या पेशंटसाठी, एका ख्रिश्चन डॉक्टरने काढलेलं, सिस्टर तिथेही आहेत, प्रार्थना तिथेही होते, पण दुखणं कमी करणं हेच तिथलं मुख्य काम. हे आम्हाला अण्णा गेल्यावर कळलं. म्हणजे क्रूस आणि गोळी एका घरात नांदू शकतात की. मग टीका करणारा ख्रिश्चनांचा शत्रू कसा झाला?

पैशाचं थोडक्यात सांगतो. चार्ल्स कीटिंग नावाच्या अमेरिकन घोटाळेबाजाने मदरना साडेबारा लाख डॉलर दिले होते, त्याच्यावर खटला झाला तेव्हा मदरनी जजला दयेचं पत्र पाठवलं आणि सरकारी वकिलाने उलट लिहिलं की तो पैसा चोरीचा आहे, परत करा. यात वकील बरोबर होता, पुढे बोलायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र टीकाकारांची मला पटत नाही. मदरना 1989 ला पेसमेकर बसवला, अमेरिकेत उपचार घेतले, हे ते दर वेळी ढोंग म्हणून काढतात. अहो, म्हातारपणी दुखलं की माणूस डॉक्टरकडे जाणारच. आमची आत्या आता नव्वदीच्या पुढे आहे, गुडघे धरतात, रोज सकाळी चहाबरोबर दुखण्याची गोळी घेते आणि संपत आली की आठवण करून मलाच आणायला सांगते. मी आणून देतो. भोगाचा विषय आम्ही दोघंही काढत नाही.

– एक वाचक, जि. सातारा