बस सोडून दिलेल्या काकूंना

काकू, तुमचं नावबी विचारलं नाही म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितोय. शिरोली एमआयडीसीच्या स्टॉपवर केएमटीची वाट बघत मोबाईलात तोंड घालून बसलेला तो पोरगा, तो मीच.

मी फौंड्रीत डिस्पॅचला आहे. त्या दिवशी बाहेरच्या पार्टीला मेल टाकला, 'वुई हॅड डिस्पॅच्ड द कास्टिंग्ज ऑन मंडे', आणि उलट विचारणा आली, बिफोर व्हॉट? म्हणजे कशाच्या आधी? साहेबांनी ते सगळ्या ऑफिसात वाचून दाखवलं, सगळी हसली, पण चुकलं काय ते एकानं सांगितलं नाही. त्याआधी तीन महिने क्लास लावलेला, फी रोख. तिथं एकच, हॅड प्लस व्ही थ्री, म्हणजे क्रियापदाचं तिसरं रूप, घोका! कधी वापरायचं विचारलं की 'आधीच्या क्रियेला'. अहो, भूतकाळात सगळंच आधीचं असतंय की!

तुम्ही माझ्या स्क्रीनवरचा तो मेल बघून एवढंच विचारलंत, काल कुठं गेल्तास? म्हटलं, रंकाळ्याला गेल्तो. तर म्हणालात, "हे बघ, गेल्तो, म्हणजे गेलो होतो. 'होतो' आपल्या जिभेलाच चिकटलाय, म्हणून इंग्रजीत हॅड येतंय. तुझी अक्कल कमी नाही, तुझं कोल्हापूर जास्त आहे." मग समजावलंत, काल, सोमवारी अशी वेळ सांगितली आणि गोष्ट एकटीच असली तर नुसतं वेंट, आय वेंट टू रंकाळा यस्टरडे, बास. उठलो, चहा घेतला, कामावर आलो, घडलं तसंच ओळीनं सांगायचं तरी सगळं साधंच. आफ्टर-बिफोर असला तर क्रम त्यातनंच कळतोय, हॅड नसलं तरी चालतंय. भूतकाळात एका जागी उभं राहून तिथनं आणखी मागं बघायचं असलं तरच हॅड.

आणि नेमकी तेव्हाच तुमची गंगावेशची बस आली. तुम्ही पिशवी उचललीत, उठलात, माझ्या तोंडाकडं बघितलंत आणि परत बसलात. कंडक्टरनं बेल मारली, बस गेली. "आता सांग, तुला कळलं तेव्हा बसचं काय?" म्हटलं, द बस हॅड लेफ्ट. "आणि नुसतं लेफ्ट म्हटलास तर?" तर आधी मला कळलं आणि मग बस सुटली!

खरं सांगतो, व्याकरणापेक्षा ते परत बसणं डोक्यातनं जात नाही. इंग्रजी येणारी लई आहेत ओ, राजारामपुरीत क्लासचे बोर्ड बघा नुसते. ओळख ना पाळख, हातात भाजीची पिशवी, दिवस मावळायला आलेला, आणि तुम्ही थांबलात. आमच्या साहेबांना तर दोन मिनिटंबी जमली नाहीत.

दुसऱ्या दिवशी मेल परत पाठवला, वुई डिस्पॅच्ड. साधा थँक्स आला, पण मला लई भारी वाटलं.

एक मात्र टोचतंय. नंतर माझीच बस आधी आली आणि मी खुशीत चढलोबी. तुम्ही तिथंच बाकड्यावर होतात. तुमची पुढची बस कधी आली काकू?