तांबी काढायला आलेली बाई

प्रिय मनू,

परवा फोनवर तू म्हणालीस, "पब्लिक हेल्थला गेले तर माझ्या हातात कौशल्य काय राहील, आई? सर्जरीत किमान केलेलं काम दिसतं तरी." तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

कुटुंबनियोजनाच्या कामात मला दोन वर्षं झाली होती. एक बाई तांबी, म्हणजे मूल राहू नये म्हणून गर्भाशयात बसवलेलं साधन, काढून घ्यायला आली. अंगावरून फार जातं म्हणाली. बसवल्यावर पहिले तीन ते सहा महिने पाळीला जास्त जाऊ शकतं, हे मला पाठ होतं. मी गोळ्या दिल्या, जरा धीर धर म्हटलं. ती पुन्हा आली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आली तेव्हा महिनाअखेर होती आणि काढलेली तांबी आमच्या उद्दिष्टाच्या तक्त्यात वजा व्हायची. मी तिला परत पाठवलं. चौथ्यांदा तिला तापाने फणफणलेली आणली. शेजारणीकडून तांबीचे दोरे ओढवून घेतले होते. वाचली ती, पण माझ्याकडे बघायला तयार नव्हती.

तांबी काढायला लागतं काय? स्पेक्युलम घालायचं, दोरे फोर्सेप्समध्ये धरायचे, तिला लांब श्वास घ्यायला सांगायचं आणि हलक्या हाताने ओढायचं. दोन मिनिटं. ती मी तिला दिली नाहीत. मनू, हे मी अजून विसरलेले नाही.

बांगलादेशात मतलब नावाच्या ग्रामीण भागात झालेलं कुटुंबनियोजनाचं काम मला नंतर कळलं, आणि फार आत भिडलं. १९७५ मध्ये तिथे घरोघर गोळ्या आणि निरोध वाटले. वापर झपाट्याने वाढला आणि काही महिन्यांत उतरला. १९७७ मध्ये त्यांनी गावातल्याच शिकलेल्या, लग्न झालेल्या बायका नेमल्या. त्या दर पंधरा दिवसांनी दारात जायच्या, एकीला गोळी सोसत नसेल तर दुसरं साधन द्यायच्या, दुखलंखुपलं ऐकायच्या. तेव्हा वापर वाढला आणि टिकला.

उलटं टोक आपल्याच देशात घडलं. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या, कित्येक बळजबरीने, आणि पुढे अनेक वर्षं लोक कुटुंबनियोजनाचं नाव काढलं की घाबरायचे. १९९४ ला कैरोच्या लोकसंख्या परिषदेत १७९ देशांनी बाईचा निर्णय आधी, आकडे नंतर, हे मान्य केलं. त्या परिषदेच्या सूत्रधार नफीस सादिक, मूळच्या स्त्रीरोगतज्ज्ञ. प्रसूतीच्या वॉर्डातून आलेली डॉक्टर तिथवर पोचू शकते, हे तुला माहीत असावं.

सोबत माझं जागतिक आरोग्य संघटनेचं पुठ्ठ्याचं चक्र पाठवते आहे, कुठल्या बाईला कुठलं साधन चालेल हे सांगणारं. फिरवून बघ. बाळंत होऊन सहा आठवडे झाले नाहीत आणि अंगावर पाजते आहे, तर दोन हार्मोन्सच्या मिश्र गोळीपुढे ४ येतो, म्हणजे द्यायची नाही. तिलाच बाळंतपणानंतर ४८ तासांत तांबी बसवायची तर १, म्हणजे बिनधोक. कडा झिजल्या आहेत, जपून वापर.

पुढे ज्या ज्या देशात पाहणीला गेले, तिथे मी आधी तांबी आणि दंडात बसवायचं इम्प्लांट काढल्याचं रजिस्टर मागायचे. पानं कोरी दिसली की बाहेर बाकावर बसलेल्या बायकांशी बोलायला जायचे.

रविवारी फोन कर.

तुझी,
आई