गेटबाहेरची गाडी कोणाच्या खात्यात?

महोदय,

मालवाहतुकीतील समन्वयावरचा कालचा लेख वाचला. लेख कंटेनरचा, फोटो टँकरचा, असो. जीपीएस, युलिप (मालवाहतुकीची माहिती एकत्र जोडणारी सरकारी प्रणाली), डॅशबोर्ड आले की कंपनी आणि वाहतूकदार गळ्यात गळे घालतील, असा लेखकाचा समज दिसतो. महिनाअखेरीस त्यांनी चाकणच्या कारखान्यांच्या गेटांवरून एक चक्कर मारावी.

31 तारखेला सेल्सला बिलिंगचा आकडा गाठायचा असतो. माल अजून पॅकिंगलाच असतो, तरी इनव्हॉइस निघते आणि त्याच झटक्यात गाडी नंबर टाकून ई-वे बिलाचा, म्हणजे माल रस्त्याने नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन पासाचा, पार्ट-बी हा गाडीच्या तपशिलाचा भागही भरला जातो. पार्ट-बी भरला की मुदत सुरू. 200 किलोमीटरपर्यंत एक दिवस, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत. नाशिकची गाडी एक तारखेला रात्री नऊला भरून निघते आणि संगमनेरच्या आसपास बिल संपते. मुदतवाढ घ्यायची ती संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या 8 तासांत, आणि तीही वाहतूकदारानेच. पोर्टलवरच्या कारणांत नैसर्गिक आपत्ती आहे, अपघात आहे. 'महिनाअखेर' तेवढी नाही. तपासणीत सापडली तर कराच्या दुप्पट दंड, आणि चालक गाडीसकट तिथेच. वास्तविक नुसता पार्ट-ए (मालाचा तपशील) 15 दिवस चालतो. भरलेल्या गाडीचे काट्यावर वजन झाले की मगच पार्ट-बी भरावा, इतकी साधी गोष्ट आहे.

पण ती सेल्सला सांगणार कोण? डिस्पॅचचे काम टनामागच्या भाड्यावर जोखतात, त्यात हॉल्टिंग (गाडी ताटकळल्याचा आकार) धरतच नाहीत. परचेस रिव्हर्स ऑक्शन (सर्वांत कमी बोलीचा लिलाव) लावून भाडे पाडते, तेव्हा गेटवर जाणारे दिवस कोणाच्याच हिशेबात नसतात. सिक्युरिटी रजिस्टरात वेळ लिहिते ती गाडी आत घेतल्याची, रांगेत लागल्याची नव्हे. मग हॉल्टिंगच्या बिलावर अकाउंट्स तीच वेळ दाखवून शेरा मारते: 'फ्री टाइममध्येच (आकार न लागणाऱ्या वेळेत) भरली.' जीपीएसवर तीच गाडी आदल्या सकाळपासून गेटबाहेर दिसत असते. दिसते सगळ्यांनाच! रिपोर्टिंगची वेळ जीपीएसवरून धरा आणि हॉल्टिंग ज्या खात्यामुळे झाले त्याच्याच खर्चात टाका. सेल्सच्या नावे रक्कम पडू लागली की माल तयार झाल्याशिवाय गाडी लावायचा फोन येणार नाही.

जाता जाता: रांगेतल्या चालकांना बहुतेक ठिकाणी कंपनीचे स्वच्छतागृह वापरू देत नाहीत. आणि 'डिजिटल'चे गोडवे गाणारी हीच मंडळी पीओडीची (माल पोचल्याच्या पावतीची) मूळ कागदी प्रत कुरिअरने आल्याशिवाय भाड्याचे बिल हातात धरत नाहीत. पुढच्या लेखात तेवढे घ्यावे.

— एक वाहतूक व्यावसायिक, पुणे